फायबरची गाडी, फायबरची नाव : नुसत्या पुट्टीवर भागवू नका



मासेमारी बंदीचे दिवस जवळ आले की संस्थेत एक प्रश्न हमखास येतो. "सचिव साहेब, नावेला तडा गेलाय. पीथमपूर रोडला गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारा ओळखीचा आहे. त्याच्याकडून करून घेतलं तर चालेल का?"

प्रश्न रास्त आहे. आपल्या महूत कोकणासारखं बंदर नाही, गोदी नाही. गाड्यांचं काम करणारे मात्र पावलोपावली आहेत. शेजारी पीथमपूरला गाड्यांचे कारखाने आहेत, २०२१ मध्ये सुरू झालेला ११.३ किलोमीटरचा गाड्या पळवून बघायचा ट्रॅकही तिथेच आहे. मग नाव गाडीवाल्याकडेच जाणार.

उत्तर असं की चालेल, पण त्याच्याकडून काय करून घ्यायचं आणि काय करू द्यायचं नाही, हे नावेच्या मालकाला माहीत पाहिजे. गाडीची पुट्टी निघाली तर गाडी वाईट दिसते, एवढंच. नावेची पुट्टी निघाली तर पाणी आत येतं, आणि त्या वेळी काठ किती लांब असेल ते आपल्या हातात नसतं. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय. घरातल्या पोरांनाही वाचायला द्या.

गाडीसुद्धा फायबरची असते

आपल्याला वाटतं गाडी म्हणजे पत्रा. पण नावेसारख्याच फायबरच्या बॉडीच्या गाड्याही आहेत. अमेरिकेत १९५३ साली शेवरोले कंपनीची कॉर्व्हेट फायबरची बॉडी घेऊन आली. पहिल्या वर्षी फक्त ३०० गाड्या निघाल्या. आपल्या देशात बंगळूरला सिपानी कंपनीनं १९८२ मध्ये डॉल्फिन नावाची छोटी गाडी काढली, तिचीही बॉडी फायबरची. मूळ गाडी इंग्लंडची, रिलायंट किटन.

यातलाच एक प्रकार म्हणजे किट कार. गाडीचे सुटे भाग संचात मिळतात आणि मालक घरी किंवा गॅरेजमध्ये जोडतो. इंग्लंडमध्ये १९५७ साली कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन आली. सुट्या भागांत घेतली तर तिथला खरेदी कर वाचायचा, म्हणून लोक ती घरी जोडायचे. आपल्या महाराष्ट्रातही असं काम झालंय. अलिबागजवळ कार्लेखिंडला चिंकारा मोटर्सनं त्याच लोटस सेव्हनच्या धाटणीची रोडस्टर बनवली. बॉडी फायबरची, आणि इंजिन आपल्या अँबेसेडरमध्ये यायचं ते १.८ लिटरचं इसुझू. अलिबाग म्हणजे कोळी बांधवांचा पट्टा. एकाच तालुक्यात फायबरची होडीही आणि फायबरची गाडीही.

दोन्हीकडं फायबर येण्याचं कारण एकच. पत्र्याची बॉडी दाबून काढायला अवजड प्रेस आणि महागडे डाय लागतात. हजारो गाड्या निघणार असतील तरच ते परवडतं. फायबरला एक साचा पुरतो, बाकी काम हाताचं. शंभर-दोनशे नग काढायचे असतील तर फायबरच परवडतं, मग ती गाडी असो की नाव.

म्हणूनच जुनी किट कार नीट करणारा कारागीर जे जे करतो, ते आपल्या नावेला जवळजवळ तसंच्या तसं लागू पडतं. फरक आहेत, ते पुढं सांगतो.

फायबर म्हणजे नेमकं काय

फायबरमध्ये दोन वस्तू असतात : काचेचे धागे आणि रेझिन. धाग्यांची चादर दोन प्रकारची. तुटक धाग्यांची ती मॅट, आणि विणलेली जाड ती रोव्हिंग. रेझिन हे धागे एकमेकांना धरून ठेवतं. ताकद असते ती धाग्यांत. नुसतं रेझिन वाळलं की काचेसारखं तडकतं.

गाडीवाल्याची पुट्टी म्हणजे रेझिनमध्ये पावडर कालवलेली. तिच्यात धागा नाही. ती खड्डा बुजवते, पृष्ठभाग गुळगुळीत करते, पण ओढ सहन करत नाही. शिवाय ती पाणी पिते. पत्र्याच्या गाडीवर ठोकून सरळ केलेल्या जागी पातळ पुट्टी मारणं ठीक आहे, कारण ताकद खालच्या पत्र्याची असते. फायबरमध्ये तुटलेल्या जागी खाली ताकद उरलेलीच नसते. तिथं पुट्टी भरणं म्हणजे फाटलेल्या जाळ्याला चिकटपट्टी लावणं.

एम-सीलचंही तसंच. पाण्यात असताना गळती थांबवून काठावर यायला ते चांगलं. नावेत एक पाकीट जरूर ठेवा. पण काठावर आल्यावर ते खरवडून काढा आणि खरी दुरुस्ती करा.

आधी तपासणी

किट कार दुरुस्तीला घेतली की जाणकार माणूस पहिल्यांदा रंग काढतो. रंगाखाली मागच्या मालकानं काय काय लपवलंय ते तेव्हाच कळतं. नाव सेकंडहँड घेतली असेल तर हे आपणही करायला पाहिजे.

तडे दोन प्रकारचे दिसतात. एका ठिकाणाहून कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरलेले तडे म्हणजे तिथं काहीतरी आदळलंय. एकमेकांना समांतर बारीक रेघा म्हणजे ती जागा वारंवार वाकते. आदळल्याची जागा बुजवून भागेल, पण वाकणाऱ्या जागेला आतून आधार दिल्याशिवाय तडे परत येणारच.

मग एक रुपयाचं नाणं घ्या आणि सगळ्या तळाला टिचक्या मारत जा. टणटण आवाज आला तर ठीक. मध्येच भद्द आवाज आला तर आत थर सुटलाय किंवा पाणी मुरलंय. तेवढा भाग मार्करनं आखून ठेवा. बाहेर तडा बोटभर दिसतो आणि आत थर वीतभर सुटलेला असतो, असं होतं. म्हणून आतल्या बाजूनंही बघा. तळावर फोड आले असतील तर एक फोडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर पाणी जेलकोटमधून आत गेलंय. तो भाग उघडा करून, गोड्या पाण्यानं धुवून, चांगला वाळू द्यावा लागतो. ओल्यावर रेझिन धरत नाही.

तुटलं का, ते आधी बघा

ठोकलेल्या किट कारचा कारागीर बॉडीला हात लावण्याआधी खालची लोखंडी चासी सरळ आहे का ते बघतो. चासी वाकडी असताना बॉडी जोडली तर ती पुन्हा त्याच जागी फाटते. बोल्टाच्या भोकाजवळ तडा असेल तर वॉशर लहान आहे का ते बघतो, कारण लहान वॉशर सगळा दाब एका जागी देतो.

आपल्या नावेत चासीच्या जागी तळाचा कणा, आतल्या आडव्या पट्ट्या आणि इंजिन बसतं तो मागचा फळा. फायबरच्या नावेत या फळ्याच्या आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं. इंजिनाच्या बोल्टाची भोकं नीट सील केलेली नसतील तर पाणी प्लायवूडमध्ये जातं आणि ते आतल्या आत कुजतं. बाहेरून फायबर चकाचक दिसतं. इंजिन हातानं वरखाली हलवून बघा. फळा लवत असेल तर बाहेरचा तडा बुजवण्यात अर्थ नाही, आधी आतलं लाकूड बदलायला पाहिजे.

आणखी एक गोष्ट. कापाकापी करण्याआधी बॉडीला खालून नीट टेकू द्या. किट कारची बॉडी टेकू न देता कापली तर ती किंचित पसरते, आणि नंतर दरवाजा बसत नाही. नावही तशीच. दोन-तीन ठिकाणी वाळूच्या गोण्या किंवा जुने टायर लावून तळ सरळ ठेवा.

घासणं : अर्धी दुरुस्ती इथेच

नवीन फायबर जुन्याला धरतं ते फक्त खरखरीत पृष्ठभागामुळे. जुनं रेझिन पूर्ण वाळलेलं असतं, नव्याशी एकजीव होत नाही. म्हणून घासण्यात कंजूषी चालत नाही.

पहिल्यांदा ॲसिटोननं पुसून मेण, तेल, ग्रीस काढा. आधी घासलं तर तेच मेण पृष्ठभागात खोल जातं. मग ग्राइंडरला ३६ किंवा ४० नंबरचा कागद लावून तुटलेले, पांढरे पडलेले धागे काढून टाका, अगदी घट्ट भाग लागेपर्यंत. भोक मोठं होतंय म्हणून घाबरू नका.

मग कडेला उतार द्यायचा. हिशोब सोपा आहे : जाडीच्या बारा पट. तळ ५ मिलिमीटर जाड असेल तर भोकाच्या चारी बाजूंनी ६० मिलिमीटरपर्यंत उतार. म्हणजे १० सेंटिमीटरच्या भोकासाठी घासलेली जागा २२ सेंटिमीटरची होते. मिस्त्री म्हणेल एवढं कशाला. कारण ताकद जुन्या धाग्यांतून नव्या धाग्यांत जायला तेवढी जागा लागते. सरळ उभ्या कडेत भरलेला तुकडा बुचासारखा बसतो, आणि मागून जोर आला की बुचासारखाच निघतो.

मागून आधार, पुढून आकार

गाडीवाल्यांची एक युक्ती आपण जरूर घ्यावी. आरपार भोकाला बाहेरून सनमायकाचा तुकडा गुळगुळीत बाजू आत करून लावतात. त्यावर आधी मेण घासलेलं असतं. मग आतून जेलकोट आणि मॅट चढवतात. वाळल्यावर सनमायका ओढून काढला की बाहेरचा आकार तयार.

जागा गोलाईची असेल तर सनमायका वळत नाही. तिथं किट कारचे मालक त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीवरून साचा घेतात. चांगल्या गाडीला मेण लावायचं, वर पीव्हीएचा थर द्यायचा, त्यावर मॅटचे दोन-तीन थर द्यायचे आणि वाळल्यावर सोडवून आणायचे. आपल्याला हे आणखी सोपं आहे, कारण एका गावातल्या नावा अनेकदा एकाच साच्यातल्या असतात. शेजाऱ्याची धड नाव आपल्या मोडक्या नावेला आकार देऊ शकते. फक्त डाव्या बाजूचा साचा डाव्याच बाजूवरून घ्या, उजवीची गोलाई उलटी असते.

रेझिन कालवणं

इथं आकडे पाठ करा. मॅट १ किलो असेल तर रेझिन २ ते अडीच किलो. रोव्हिंगला साधारण वजनाइतकंच. जास्त रेझिन म्हणजे जास्त मजबूत, हा गैरसमज आहे. जास्त रेझिन म्हणजे जास्त ठिसूळ.

हार्डनर १ किलो रेझिनला १० ते २० ग्रॅम, म्हणजे १ ते २ टक्के. मे महिन्याच्या उन्हात १ टक्का पुरे. घाईत अंदाजानं ओतू नका, छोटा वजनकाटा वापरा. उन्हाळ्यात लवकर गोठतं म्हणून १ टक्क्याच्या खाली जाऊ नका, नाहीतर आतून कच्चं राहतं. त्यापेक्षा थोडं थोडं कालवा आणि सकाळी लवकर काम करा. कालवलेलं रेझिन बादलीत तसंच ठेवलं तर तापतं, धूर येतो, पेटूही शकतं. ते पसरट पत्र्यात ओता.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, आणि नंतर हार्डनर घालायचा. दोन्ही बाटल्या वेगळ्या कपाटात ठेवा. दुकानदाराला विचारा की रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलाय का. असेल तर पुन्हा घालायचा नाही.

थर चढवणं

४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण १ मिलिमीटर होतो. ५ मिलिमीटरच्या तळाला पाच थर. पहिला तुकडा भोकापेक्षा थोडा मोठा, पुढचा प्रत्येक दोन-तीन सेंटिमीटरनं मोठा, शेवटचा उताराच्या कडेपर्यंत. आधी पृष्ठभागावर रेझिन लावायचं, मग मॅट ठेवायची, वरून ब्रशनं टोचत रेझिन भरायचं आणि लोखंडी रोलर फिरवून हवा काढायची. पांढरे ठिपके दिसले तर तिथं हवा आहे किंवा रेझिन पोचलं नाही. एका वेळी तीन-चार थरांपेक्षा जास्त देऊ नका, खूप तापतं.

वरच्या १० सेंटिमीटरच्या भोकाचा हिशोब केला तर मॅट ५० ग्रॅमच्या आसपास आणि रेझिन वाया जाणारं धरून पाव किलोच्या आत लागतं. म्हणजे माल फार लागत नाही. पैसे जातात ते घासण्याच्या मजुरीत, आणि मिस्त्री वाचवतो तीही तीच मजुरी. म्हणून भाव करताना माल किती हे विचारण्यापेक्षा किती घासणार हे विचारा.

इथून पुढं गाडीवाला उस्ताद

थर वाळल्यावर फिनिशिंगला गाडीच्या पेंटरसारखा माणूस नाही. ८० नंबरपासून चढत्या क्रमानं पाणी पेपर मारणं, लांब फळीला कागद लावून गोलाई सारखी करणं, हे त्याच्याकडून शिकावं. पाण्याच्या वरच्या भागात बारीक खड्ड्यांना पातळ पुट्टी चालेल.

पाण्याखालच्या भागात मात्र नाही. तिथं शेवटचा थर जेलकोटचा, साधारण अर्धा मिलिमीटर. साधा जेलकोट उघड्या हवेत वरून चिकट राहतो, म्हणून शेवटच्या हातात मेणाचं द्रावण मिसळायचं. त्यावर पुन्हा काही चढवायचं असेल तर मेणाचा थर आधी घासून काढा. आणि दुरुस्ती एपॉक्सीनं केली असेल तर त्यावर पॉलिएस्टरचा जेलकोट नीट वाळत नाही. तिथं एपॉक्सीवर चालणारा रंगच घ्या.

महूत काम कधी करायचं

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, कोकणात १ जून ते ३१ जुलै. नाव काठावर असते ते नेमके पावसाचे दिवस. वेळ असतो तेव्हा हवा ओली, आणि हवा कोरडी असते तेव्हा नाव पाण्यात. यातून वाट अशी काढा : मे महिन्यात दोन-चार दिवस नाव बाहेर काढून तपासणी, घासणं आणि तळाचं काम उरका. बंदीच्या काळात पत्र्याच्या शेडखाली रंग, आतल्या पट्ट्या, बोल्ट, अशी कामं करा. पावसात काम करायचीच वेळ आली तर घासलेली जागा हॅलोजननं सुकवा, आणि झड चालू असताना रेझिन उघडू नका.

डोळे, छाती, आग

हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडू नका. गेलाच तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. रेझिनच्या वासानं डोकं गरगरतं. तोंडाला बांधलेला रुमाल तो वास अडवत नाही, कार्बन फिल्टरचा मास्क पाहिजे. घासताना उडणारी काचेची धूळ छातीत जाते. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, अंगाला खाज आली तर थंड पाण्यानं धुवा. बिडी-सिगारेट लांब. लेकरांना त्या दिवशी जवळ येऊ देऊ नका, आणि ॲसिटोनच्या चिंध्या चुलीजवळ टाकू नका.

मिस्त्रीला विचारायचे पाच प्रश्न

१. तुटलेला भाग किती रुंद घासणार?
२. मॅट कितीची, आणि किती थर?
३. आतून आधार देणार का?
४. हार्डनर मोजून घालणार की अंदाजानं?
५. पाण्याखाली वरचा थर जेलकोटचा की पुट्टीचा?

पहिल्याच प्रश्नाला "घासायची गरज नाही, भरून देतो" असं उत्तर आलं तर नाव परत आणा.

आणि एक विनंती. घासून झाल्यावर, थर चढवण्याआधी, मोबाइलवर एक फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा. रंग लागल्यावर चांगलं काम आणि वाईट काम सारखंच दिसतं. नाव पुढं कुणाला विकाल, तेव्हा तो फोटो उपयोगी पडेल. त्याआधी तो तुमच्या घरच्यांच्या उपयोगाचा आहे, कारण त्या नावेत तुमचंच माणूस बसून जाणार आहे.

ज्यांच्या नावेच्या तळाला या वर्षी भद्द आवाज येतोय, त्यांनी मे महिन्याच्या आत कार्यालयात नाव नोंदवा. चार-पाच नावा एकत्र झाल्या तर रेझिन आणि मॅट एकदम आणता येईल, आणि एकच चांगला कारागीर सगळ्यांचं काम आपल्यासमोर करून देईल.

आपला,
सचिव